परदेशी मिशनवर मुलांना शिकवायला जाताना: पहिल्यांदाच निघणाऱ्या तरुणांसाठी

उपासनेनंतर जाहीर होतं, की अमुक देशातल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, बोलावलं आहे, तिथे मुलांची बायबल शाळा घ्यायची आहे, तरुणांनी नावं द्यावीत. प्रार्थना करून तुम्ही नाव देता. त्यानंतरचे महिने फॉर्म, लस, वर्गणी, गाणी आणि टी-शर्टचा रंग ठरवण्यात जातात. ज्या मुलांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांचा विचार मात्र बऱ्याचदा विमानात बसल्यावर सुरू होतो. अशा गटांबरोबर मी शिकवलं आहे आणि नव्या गटांची तयारीही करून घेतली आहे. कुठे अडायला होतं हे त्यातून कळलं, म्हणून ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालचं बहुतेक सगळं तिच्यातूनच निघतं. ती मुलं तिथल्या मंडळीची आहेत. वर्षभर त्यांना शिकवणारी एखादी ताई किंवा दादा तिथे आहे आणि तुम्ही परतल्यावरही असणार आहे. तुम्ही आठवडा-दोन आठवडे त्यांच्या हाताखाली काम करायला जात आहात.

१. बोलावणं नीट समजून घ्या

तारखा ठरवण्याआधी तिथल्या पाळकांशी (पास्टरशी) आणि संडे स्कूलच्या शिक्षकांशी फोनवर बोला. फक्त गटप्रमुखाने बोलून भागत नाही. जे शिकवणार आहेत त्यांनी, जे आज शिकवत आहेत त्यांच्याशी बोलायला हवं. हे प्रश्न विचारा:

- मुलं किती, कोणत्या वयाची? घरी कोणती भाषा बोलतात, शाळेत कोणती?
- सध्या कोणता पाठ चालू आहे? आम्ही तोच पुढे नेऊ का?
- मुलं कोणत्या वेळी मोकळी असतात?
- आई-वडील ख्रिस्ती आहेत का? नसतील तर मुलं कुठे येत आहेत हे त्यांना माहीत आहे का?
- आम्ही गेल्यावर हे काम कोण सांभाळणार?

वेळेचा प्रश्न किरकोळ समजू नका. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात संडे स्कूल सुरू केलं. तिथली गरीब मुलं आठवडाभर कामाला जुंपलेली असायची, म्हणून त्यांना वाचायला शिकवायला रविवार निवडला. मुलांच्या जगण्याकडे बघून वेळ ठरली. तुम्ही जाणार तिथे मुलं सकाळी पाणी भरत असतील, गुरं राखत असतील, तर सकाळी नऊचा वर्ग म्हणजे निम्मी मुलं बाहेरच राहणार.

शेवटच्या प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही, तर थांबा. तिथे पुढे सांभाळणारं कोणी नसेल तर जाण्याची घाई करू नका, असंच मी प्रत्येक गटाला सांगते.

अनाथाश्रमात जायचं बोलावणं असेल तर आणखी जपून. जगभरच्या अनाथाश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात आहेत. गरिबीमुळे मूल तिथे आलेलं असतं. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं जमवणाऱ्या संस्थाही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१७ मध्ये या प्रकाराची चौकशी केली, तर डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांमधल्या पर्यटन आणि स्वयंसेवेच्या धोक्याची दखल घेतली. शिवाय ज्या लेकराला आधीच कोणीतरी सोडून गेलं आहे, त्याला दर महिन्याला नवी ताई लळा लावते आणि निघून जाते, हे प्रेम नव्हे. मुलांना परत कुटुंबात नेण्याचं काम करणाऱ्या स्थानिक मंडळींना हातभार लावा.

२. कायदा आणि व्हिसा

इथे ‘देव सांभाळेल’ म्हणून पुढे जाणारे गट असतात. देव सांभाळतोच, पण तुमच्या निष्काळजीपणाची किंमत तिथल्या विश्वासणाऱ्यांना मोजावी लागते. तुम्हाला परत पाठवतील, चौकशी मात्र तिथल्या पाळकांची होईल.

बऱ्याच देशांत पर्यटक व्हिसावर शिकवायला किंवा धार्मिक काम करायला परवानगी नसते, पगार घेतला नाही तरीही. धार्मिक कामासाठी वेगळा व्हिसा असू शकतो आणि त्याला तिथल्या नोंदणीकृत संस्थेचं पत्र लागतं. वकिलातीच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा आणि शंका असेल तर ईमेल करून लेखी उत्तर मागा. अर्जावर किंवा विमानतळावर खोटं कारण सांगू नका.

धर्मप्रसाराचे कायदेही देशागणिक वेगळे आहेत. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं कलम २६ धर्मांतर घडवून आणायला मनाई करतं आणि २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेत त्यासाठी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. रशियाने २०१६ मध्ये कायदा करून प्रार्थनास्थळाबाहेरच्या मिशनरी कामावर कडक बंधनं घातली. अशा ठिकाणी काय चालेल आणि काय नाही, हे तिथल्या पाळकांनी सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं. इंग्रजी, गणित किंवा चित्रकला शिकवायला बोलावलं असेल तर तेच मनापासून शिकवा. इंग्रजीच्या तासात गुपचूप सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, घुसवणं म्हणजे आई-वडिलांची फसवणूक आहे.

३. कागदपत्रं

प्रत्येकाची एक फाइल करा, तिची प्रत गटप्रमुखाकडे आणि स्कॅन केलेली प्रत ईमेलवर.

- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा आणि दोन-तीन पानं कोरी असावीत.
- व्हिसा. वाटेत विमान बदलताना ट्रान्झिट व्हिसा लागतो का हेही पाहा, हे हमखास राहून जातं.
- यजमान मंडळीचं निमंत्रणपत्र आणि तुमच्या पाळकांचं पत्र.
- पोलिसांचा चारित्र्य दाखला. यजमानांनी मागितला नाही तरी काढा. मुलांमध्ये काम करणार आहात.
- लसीकरणाचं कार्ड, प्रवास विमा, चालू औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी.
- वय अठराच्या आत असेल तर आई-वडील दोघांचं संमतीपत्र, नोटरी केलेलं.
- मुलांच्या सुरक्षिततेच्या नियमावलीवरची तुमची सही.

चारित्र्य दाखल्याला वेळ लागतो, म्हणून पासपोर्ट हातात आला की पहिला अर्ज त्याचाच करा.

४. लस, औषधं, विमा

निघण्याआधी किमान सहा आठवडे प्रवासी आरोग्याचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना भेटा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी घाबरू नका.

मलेरियाच्या गोळ्या तिथून परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, औषधाप्रमाणे एक ते चार आठवडे. घरी आलो, बरं वाटतंय, म्हणून सोडू नका. विम्यात रुग्णाला दुसऱ्या शहरात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च आहे ना, एवढं वाचून घ्या.

खोकला-ताप असेल त्या दिवशी वर्गात जायचं नाही. तुम्हाला साधी वाटणारी सर्दी तिथल्या अशक्त लेकराला जड जाऊ शकते.

५. मुलांची सुरक्षितता

हा टप्पा कंटाळवाणा वाटून गट भराभर उरकतात. माझ्या मते याची तयारी पुरी झाल्याशिवाय तिकीटच काढू नये. लहानांपैकी एकालाही जो अडखळवतो त्याच्याविषयी प्रभू येशूने मत्तय १८:६ मध्ये जे म्हटलं आहे, ते गटाने एकत्र बसून वाचावं आणि मग नियम ठरवावेत.

आम्ही पाळतो ते नियम असे. कोणताही मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही. कायम दोन मोठी माणसं, दार उघडं. लहान मुलाला शौचाला नेणं, कपडे बदलणं हे तिथल्या ओळखीच्या बाईंचं काम, आपलं नाही. मुलाने येऊन मिठी मारली तर बाजूने खांद्याभोवती हात, सर्वांसमोर, थोडा वेळ. आपण होऊन मांडीवर घ्यायचं नाही. मारणं, कान धरणं, ओरडणं, वर्गाबाहेर उभं करणं अजिबात नाही, तिथले शिक्षक करत असले तरीही. सहा ते आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवं. मुलांशी फोन नंबर किंवा सोशल मीडियावरची ओळख जोडायची नाही. ‘दादा, तुझं इन्स्टाग्राम दे ना’ असं तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणणारच. उत्तर आधीच ठरलेलं हवं: ‘पत्र मंडळीच्या पत्त्यावर लिही, तिथून मला मिळेल.’

फोटोंबद्दल. तुमच्या भाचीचा फोटो एखाद्या परक्या पाहुण्याने न विचारता काढून नाव-गावासकट जगाला दाखवला, तर तुम्हाला चालेल का? तोच नियम तिथे. पालकांची लेखी संमती, चेहऱ्याखाली नाव नाही, ठिकाणाची खूण नाही, फाटक्या कपड्यातलं रडणारं मूल नाही. ख्रिस्ती असणं धोक्याचं आहे अशा देशात तर चेहराच नको. सोपा मार्ग म्हणजे गटातल्या एकाच माणसाकडे कॅमेरा, बाकीच्यांचे फोन पिशवीत. वर्गही त्यामुळे चांगला होतो.

आता अवघड भाग. एखादं मूल हळूच तुमच्याजवळ येऊन घरातल्या मारहाणीचं किंवा कोणी नको तिथे हात लावल्याचं सांगतं. तुम्ही परके आहात म्हणूनच ते तुम्हाला सांगतं. अशा वेळी:

- शांतपणे ऐका. चेहऱ्यावर धक्का दाखवू नका.
- ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. म्हणा, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला मदत करू शकेल अशा एका माणसाला मला हे सांगावं लागेल.’
- खोदून खोदून विचारू नका. चौकशी करणं तुमचं काम नाही.
- त्याच दिवशी मुलाचे शब्द जसेच्या तसे, वेळ घालून लिहून काढा.
- मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या व्यक्तीकडे लगेच जा. ती व्यक्ती कोण आणि तिच्याबद्दलच तक्रार असेल तर दुसरी कोण, हे निघण्याआधी ठरलेलं असू द्या.

हा प्रसंग घरी असतानाच दोघादोघांनी करून पाहा. एकाने मूल व्हायचं. पहिल्यांदा जीभ जड होते. तिसऱ्या खेपेला वाक्यं तोंडात बसतात.

६. पाठाची तयारी

पाठ थोडे घ्या. पाच दिवसांसाठी पाच गोष्टी, प्रत्येकीत एकच सांगणं. मुलांचं लक्ष वयाप्रमाणे: चार-पाच वर्षांचं मूल पाच-सात मिनिटांत चुळबुळायला लागतं, दहा वर्षांचं पंधरा मिनिटं बसेल. वचन तिथल्या भाषेतल्या पवित्र शास्त्रातूनच पाठ करून घ्या. शेकडो भाषांतली भाषांतरं यूव्हर्जन ॲपवर मिळतात, पण मंडळीत कोणतं वापरतात ते विचारा.

दुभाष्या असेल तर तासाचा अर्धा वेळ त्याचा. तीस मिनिटांच्या गोष्टीत तुमच्या वाट्याला पंधराच मिनिटं येतात. गोष्ट लिहून आदल्या दिवशी त्याच्या हातात द्या. वाक्य छोटं आणि पुरं. ‘वादळ आलं. मोठं वादळ. नावेत पाणी भरायला लागलं.’ थांबायचं. यमक, कोट्या, म्हणी गाळायच्या. बोलताना दुभाष्याकडे पाहू नका, मुलांकडे पाहा.

मार्क ४:३५-४१ मधली वादळाची गोष्ट नव्या शिक्षकाला फार चांगली. मुलांना जमिनीवर दाटीने बसवा, तीच नाव. पाऊस म्हणजे बोटांनी मांडीवर टपटप, आधी एका बोटाने, मग सगळ्या पंजाने. वारा तोंडाने. लाटा म्हणजे अख्खी रांग डावीकडे, अख्खी रांग उजवीकडे. मागच्या बाजूला एक मुलगा उशीवर डोकं ठेवून झोपलेला, तो येशू. आवाज टिपेला पोहोचला की शिष्य त्याला उठवतात, तो हात वर करून म्हणतो, ‘शांत हो.’ सगळं एकदम थांबतं. आता तीन-चार सेकंद कोणीही बोलायचं नाही, तुम्ही नाही आणि दुभाष्याही नाही. मग विचारा, ‘शिष्य कधी जास्त घाबरले?’ मुलं हमखास म्हणतात, वादळात. तेव्हा एकेचाळिसावं वचन वाचा. वादळ शमल्यावर ते फारच घाबरले आणि एकमेकांना विचारू लागले, की हा आहे तरी कोण? तो प्रश्न मुलांकडे सोपवा आणि तिथेच थांबा. बाकीचं तिथल्या ताईला पुढच्या रविवारी बोलू द्या.

फक्त गोष्ट निवडण्याआधी ताईला विचारा. पुरात किंवा चक्रीवादळात ज्यांची घरं गेली, त्या मुलांसमोर हा खेळ करायचा का, हे तीच सांगू शकते.

हीच काळजी रंगांच्या पुस्तकाबाबत. अक्षरं नसलेलं, रंगीत पानांचं सुवार्तेचं पुस्तक तुमच्या सामानात बहुतेक असेलच. त्याची सुरुवात लंडनचे उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांच्या १८६६ मधल्या उपदेशातून झाली. तेव्हा काळा, लाल आणि पांढरा असे तीनच रंग होते. सोनेरी पान १८७५ मध्ये अमेरिकी उपदेशक डी. एल. मूडी यांनी जोडलं आणि हिरवं त्यानंतर आलं. साधन गुणी आहे. पण काळ्यासावळ्या मुलांसमोर उभं राहून ‘काळा म्हणजे पाप’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. त्याऐवजी ‘अंधार’ म्हणा, दिवा मालवून दाखवा. पूर्व आशियात पांढरा रंग शोकाचा आणि लाल आनंदाचा मानला जातो, तिथे रंगांची ही भाषा उलटीच ऐकू जाते. तिथल्या शिक्षकांना पुस्तक दाखवा आणि ते नको म्हणाले तर पिशवीतच ठेवा.

भाषा शिकवायची असेल तर हातवाऱ्यांपासून सुरुवात करा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली पद्धत सोपी आहे: शिक्षक आज्ञा देतो, स्वतः करून दाखवतो, मुलं अंगाने ती पाळतात, बोलायची सक्ती नाही. ‘उभे राहा, बसा, दाराला हात लावा.’ लाजरी मुलं यात खुलतात. कृतींची गाणीही याच कारणाने बसतात.

सामान तिथे मिळेल असंच वापरा: खडू, दोरी, चेंडू, कोरे कागद, कापडाचे तुकडे. प्रोजेक्टर लावून तुम्ही भारी कार्यक्रम केलात, तर तुमच्यामागे खडू घेऊन उभी राहणारी ताई मुलांना फिकी वाटू लागते. फुगे लहान मुलांच्या वर्गात नकोत. फुटलेला तुकडा घशात अडकतो.

७. तिथे पोहोचल्यावर

पहिल्या दिवशी शिकवू नका. मागे बसून ताईचा वर्ग पाहा. ती मुलांना गप्प कसं करते, कोणत्या मुलाला कुठे बसवते, कोणाला प्रश्न विचारत नाही, हे टिपून घ्या. संध्याकाळी तिच्याबरोबर पाठ वाचा आणि तिने सुचवलेले बदल करा. पुढचे दोन दिवस तुम्ही शिकवा, ती शेजारी. शेवटचे दिवस ती शिकवेल आणि तुम्ही कागद वाटाल, पेन्सिली तासाल, मागे बसलेल्या मुलाला चित्र काढायला मदत कराल. गटातल्या काहींना हे एक पायरी खाली उतरणं वाटतं. त्यांना आधीच समजावा.

भेटवस्तू हातोहात वाटू नका. एकाला मिळाली आणि दुसऱ्याला नाही, की तुम्ही गेल्यावर भांडणं ताईने सोडवायची. जे द्यायचं ते मंडळीकडे सोपवा.

आणि हात वर करायला लावण्याबद्दल. ‘कोणाला येशूला हृदयात घ्यायचंय?’ असं लांबून आलेल्या, लाडक्या झालेल्या पाहुण्याने विचारलं की अख्खा वर्ग हात वर करतो. त्यातले बरेच हात तुम्हाला खूश करण्यासाठी असतात. ते मोजून घरी आकडा सांगणं मुलांवर अन्याय आहे. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं चौदावं कलम मुलाचं धर्मस्वातंत्र्य मानतं आणि त्याला दिशा देण्याचा आई-वडिलांचा हक्कही मानतं. मूल खरोखर विचारत असेल तर त्याच्याबरोबर प्रार्थना करा आणि त्याच दिवशी पाळकांना सांगा, म्हणजे ते घरी जाऊन आई-वडिलांशी बोलतील.

८. निरोप आणि परतल्यावर

‘पुढच्या वर्षी नक्की येईन’ असं म्हणू नका. तुम्ही विसराल, मूल विसरणार नाही. शेवटच्या दिवशीच्या आधी एक दिवस मुलांना सांगा, की उद्या आमचा शेवटचा वर्ग आहे आणि रविवारपासून ताई ही गाणी घेणार आहे. निरोपाची प्रार्थना ताईला करू द्या.

परतल्यावर महिन्याभरात तीन कामं उरका. देणगीदारांना खर्चाचा हिशेब पावत्यांसह द्या. मंडळीत साक्ष देताना, म्हणजे तिथला अनुभव सांगताना, मुलांच्या गरिबीची वर्णनं टाळा. त्यांच्यापैकी कोणी मागच्या बाकावर बसून ऐकत असेल असं धरून बोला. आणि ताईला फोन करा, तिला विचारा, की कोणता पाठ मुलांच्या लक्षात राहिला आणि कोणता वाया गेला. ती संकोचेल, म्हणून दोनदा विचारा. तिचं उत्तर लिहून पुढच्या वर्षी निघणाऱ्या गटाच्या फाइलमध्ये, व्हिसाच्या कागदांच्याही वर लावून ठेवा.